पाटीवरचे चारशे पंधरा व्होल्ट

माझ्या मनात शंकेची पाल जरा जास्तच चुकचुकते, हे मला घरच्यांनी पुष्कळदा ऐकवलंय. मी ते मान्य करते, पण सुधारत नाही. दूधवाल्याचं माप, पेट्रोल पंपावरचा आकडा, तांदळाच्या पिशवीवर छापलेलं वजन, कशावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. धुळ्याला देवपुरात राहते, तिथल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि प्रयोगशाळा सांभाळते. दिवसभर मीटरचे काटे बघणाऱ्या बाईला मोजायची खोड लागली तर त्यात माझ्या एकटीचा दोष नाही, असं मी स्वतःला समजावते.

पाच-सहा वर्षांपूर्वी पाणी तापवायचा रॉड आणला होता. पंधराशे वॅटचा. बादली तापायला हवा त्याहून जास्त वेळ लागतोय, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. कॉलेजातून क्लॅम्प मीटर आणला. हा मीटर चिमट्यासारखा असतो. वायरीभोवती नुसता अडकवला की आतून किती करंट वाहतोय ते दाखवतो, वायर सोलावी लागत नाही. पाच पूर्णांक दोन अँपिअर दाखवले. दोनशे तीस व्होल्ट गुणिले पाच पूर्णांक दोन, म्हणजे बाराशेलासुद्धा चार वॅट कमी. मग व्होल्टेजला करंटने भागलं. चव्वेचाळीस ओहम. पंधराशे वॅटच्या रॉडचा रोध पस्तीसच्या आसपास हवा. मी हे सगळं कागदावर मांडून दुकानदारापुढे ठेवलं. त्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने दुसरा रॉड काढून दिला. ती हकिकत मी त्यानंतर कितीतरी जणांना सांगितली असेल. खरं सांगायचं तर त्या विजयाने मी चढून गेले.

माझं माहेर पहूरजवळ. धाकटा भाऊ तिथे शेती करतो, सगळी केळी. बोअरमध्ये पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटर आहे, आणि तिच्यावर सगळा बाग. मे महिन्यात केळीला दोन दिवस पाणी चुकलं की पानं मोडून खाली लोंबायला लागतात आणि घडाच्या वजनाने झाडं कलतात. त्या वर्षी एप्रिल संपता संपता मोटर जळाली. भावाने ती बाहेर काढून पहूरच्या मिस्तरींकडून भरून घेतली. भरणं म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवीन गुंडाळणं, रिवाइंडिंग. सतरा-अठरा दिवसांत ती पुन्हा जळाली.

भावाचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते.

"अक्का, नाना आता तार मारतो," तो म्हणाला. "सव्वीस वेढे पाह्यजे तं वीसच टाकत असंन. कोन मोजतं? गावात बठ्ठे तेच म्हनू राह्यले."

या मिस्तरींना आख्खं गाव नाना म्हणतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आमच्या वडिलांच्या मोटरी त्यांनीच भरल्या होत्या. वडील त्यांच्याकडे मोटर टाकून यायचे आणि तिकडे फिरकायचेही नाहीत. मला मात्र तेव्हाही वाटायचं, आप्पा एकदा उभं राहून बघत का नाहीत? भावाचं बोलणं ऐकल्याबरोबर ती जुनी पाल पुन्हा चुकचुकली. मी म्हटलं, "मोटर परत नानांकडूनच भरून घे. खाली सोड. पण मी येईपर्यंत कोणाला काही बोलू नकोस. मी मोजते."

परीक्षेचं काम उरकून क्लॅम्प मीटर पिशवीत टाकला आणि जळगावमार्गे पहूर गाठलं. त्या आठवड्यात शेतीच्या लाइनला दिवसाची पाळी होती. मोटर चालू होती, पाणी बरं पडत होतं. बोअरजवळ लोखंडी पेटीत स्टार्टर. पेटीवरचा व्होल्टमीटर केव्हाचाच मेलेला, काच फुटलेली, काटा शून्याखाली पडलेला. झाकण उघडायला भावाने साफ मनाई केली. "आतमधी बठ्ठं उघडं हाये, अक्का. हात लागला तं इथंच राहशीन." मला तरी झाकण कशाला हवं होतं? मी पेटीतून बाहेर आलेल्या तीन वायरींपैकी एकीला चिमटा लावला.

तेरा अँपिअर. दुसऱ्या वायरीला तेरा. तिसरीला तेराला थोडे कमी.

मोटरीच्या पाटीचा फोटो भावाने मोबाइलवर काढून ठेवला होता. पाच हॉर्सपॉवर, चारशे पंधरा व्होल्ट, नऊ अँपिअर. मी बांधावर बसून हिशेब मांडला. व्होल्टेज गुणिले करंट. तीन फेजची मोटर म्हणून त्याला एक पूर्णांक सातशे बत्तीसने गुणायचं. मोटरीच्या स्वभावासाठी शून्य पूर्णांक आठचा पॉवर फॅक्टर धरायचा. नऊ अँपिअरला उत्तर येतं पाच हजार एकशे पंचाहत्तर वॅट. तेराला येतं सात हजार चारशे पंचाहत्तर. म्हणजे दहा हॉर्सपॉवर! पाच हॉर्सपॉवरची मोटर दहाचं खात होती. तार कमी भरली की रोध कमी, रोध कमी की करंट जास्त, करंट जास्त की मोटर जळणार. बारावीच्या पोरालाही कळेल असं सरळ गणित. मला इतका आनंद झाला की आज त्याचीच लाज वाटते.

तसेच नानांच्या दुकानात गेलो. पत्र्याची शेड, आत ओळीने मोटरी उभ्या, प्रत्येकीवर खडूने शेतकऱ्याची खूण. चार-पाच जण बाकावर बसलेले. नाना आणि त्यांची बायको समोरासमोर बसून एक मोटर भरत होते. पाणबुडी मोटरीची तार एकेक वेढा करून ओवावी लागते. एका टोकाला नाना तार आत सरकवायचे, दुसऱ्या टोकाला बायको ती ओढून परत त्यांच्याकडे द्यायची. मी कागद पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हिशेब वाचून दाखवला.

नानांनी हात पुसले, पण कागद घेतला नाही. एवढंच विचारलं, "अक्का, व्होल्टेज कोनतं धरलं तुम्ही?"

"चारशे पंधरा. पाटीवर लिहिलंय, नाना."

"पाटीवर," ते म्हणाले, आणि पुन्हा तार हातात घेतली.

बाकावरचा एक जण खाकरला. मला वाटलं, सापडला. खरा माणूस असता तर भांडला असता, शपथा घेतल्या असत्या. हा गप्प बसतो याचा अर्थ याच्याकडे उत्तर नाही. त्यांची बायको माझ्याकडे बघत होती आणि त्या बघण्यालाही मी चोरी पकडली गेल्याची भीती समजले. संशयाचं असंच असतं. समोरचा बोलला तरी तो खोटा आणि गप्प राहिला तरी खोटाच.

संध्याकाळी भावाने त्या कागदाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, धुळ्याच्या प्रोफेसर बहिणीने मोजून सिद्ध केलं. मी नको म्हटलं नाही. उलट फोटो सरळ आलाय ना, आकडे वाचता येतात ना, तेवढं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी नानांकडून आपल्या मोटरी न भरताच उचलून नेल्या. आठवडाभरात अजून कितीतरी गेल्या, असं भाऊ फोनवर उत्साहाने सांगत होता. आम्हीही आमची ती मोटर, चालू असताना, चोरीचा माल म्हणून वर काढली आणि जळगावहून नवी कोरी आणून सोडली. कंपनीची, सीलबंद. मीटर मी भावाकडेच ठेवला होता. वायरीला चिमटा कसा लावायचा तेही दाखवून आले होते.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "अक्का, नवी मोटर बी तेराच दाखवते."

पहिला संशय मी मीटरवर घेतला. त्याला एसटीने पाठवायला लावला, प्रयोगशाळेत दुसऱ्या मीटरशेजारी लावून पाहिला. मीटर चोख होता. मग जळगावच्या दुकानदारावर घेतला. नव्या डब्यात जुनी मोटर दिली असेल. मग कंपनीवर. सगळ्यांवर घेऊन झाला. तरी झोप लागेना, कारण नवी मोटर आणि नानांनी भरलेली मोटर दोघी एकाच आकड्याची चोरी कशा करतील? आणि मग स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता नानांचा प्रश्न कानात आला. कोनतं धरलं?

धरलं! मी ते धरलंच होतं, मोजलं नव्हतं. गणितात व्होल्टेज नेहमी दिलेलं असतं. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, दिलेले आहे, व्ही बरोबर अमुक. मुलांनी करंट काढायचा, रोध काढायचा, वॅट काढायचे. व्होल्टेजवर शंका घेतलेली मी कधी पाहिली नाही. आणि जगातल्या प्रत्येक मापावर संशय घेणाऱ्या बाईने पत्र्याच्या पाटीवर कोरलेला आकडा मात्र देवाच्या शब्दासारखा मानला होता. तव्यावरची भाकरी करपली. रविवारी सकाळची पहिली बस पकडली.

या वेळी मल्टिमीटर नेला. भावाचं काही न ऐकता पेटी उघडली. पायात रबरी चपला, खाली लाकडाची फळी, एक हात पाठीमागे. लाइन यायची होती. सगळीकडे शांत, फक्त केळीची पानं वाजत होती. सव्वाअकराला लाइन आली. मीटरवर चारशे दहा आले. मी भावाकडे वळून म्हणणार, बघ, एवढं तर आहे. तेवढ्यात आमच्या पेटीत खट्ट झालं. शेजारच्या शेतात खट्ट. पलीकडे, त्याच्या पलीकडे, खट्ट, खट्ट. आकडा घसरायला लागला. तीनशे पन्नास, तीनशे, एकदा तर दोनशे चाळीसपर्यंत आपटला आणि हळूहळू वर येऊन दोनशे नव्वदवर थांबला. तिथेच राहिला. चिमटा लावला. तेरा अँपिअर.

ते खट्ट म्हणजे ऑटो स्विच. लाइन आली की शेतात कोणी नसलं तरी मोटर आपोआप चालू करतो. आमच्या भागात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जितक्या मोटरी तितके ऑटो, आणि लाइन आल्याबरोबर सगळ्या एकदम उठतात. डीपीला ते झेपत नाही, व्होल्टेज पडतं. बोअरमधलं पाणी तर तेवढंच वर चढवायचं असतं. व्होल्टेज कमी मिळालं की मोटर तेवढ्याच कामासाठी करंट जास्त ओढते आणि तापून मरते. मी फळीवर उभ्याउभ्याच मोबाइलवर गुणाकार केला. दोनशे नव्वद, तेरा, मागून तेच एक पूर्णांक सातशे बत्तीस आणि शून्य पूर्णांक आठ. पाच हजार दोनशे चोवीस वॅट. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीने जेवढं खायला हवं तेवढंच ती खात होती. नवीही, आणि नानांनी भरलेलीही. मी फळीवरच खाली बसले. शॉक बसला समजून भाऊ धावत आला.

"ऑटो काढून टाक," मी म्हटलं. "बाकीच्यांनाही सांग. पाच-पाच मिनिटांनी एकेक चालू करा."

"कोन काढतो, अक्का?" तो हसला. "मी थांबलो तं बाजूवाला आधी चालू करतो, माह्या बोअरचं पानी तो ओढतो. त्यालेही माह्यावर तोच डाउट हाये."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या शिवारात प्रत्येक पेटीतून एकमेकांवरचा संशयच खट्ट वाजत होता, आणि त्या सगळ्यांनी मिळून जाळलेल्या मोटरींचा आळ एका मिस्तरीवर गेला होता. त्यावर सही माझी.

ग्रुपवर खुलासा टाक म्हटलं तर भाऊ ऐकेना. सगळ्यांचे ऑटो दोषी ठरवले तर लोक आपल्याला उभं करणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी ग्रुपात नव्हते. सासरी गेलेल्या बहिणींना तिथे कोण घेतं? त्याचा मोबाइल ओढून घेतला आणि स्वतः लिहिलं. माझा पहिला हिशेब चुकीचा आहे, व्होल्टेज मी मोजलं नव्हतं, नानांच्या भरण्यात काही खोट नाही. दोन अंगठे आले. मग कोणीतरी लिहिलं, नानाने अक्काला चहा पाजलेला दिसतो. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पहिल्या कागदावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. दुसऱ्यावर एकानेही ठेवला नाही.

नवव्या दिवशी आमची नवी मोटर जळाली. जळगावच्या दुकानदाराने कमी व्होल्टेजला गॅरंटी नसते म्हणून हात वर केले. बाग वाचवायला नानांनी भरलेली ती जुनी मोटर पुन्हा बोअरमध्ये सोडली, आणि भावाने, स्वतःच्या हाताने, आमच्या पेटीतला ऑटो काढला. जळालेली नवी मोटर टेम्पोत टाकून मी नानांकडे गेले.

शेड तीच, पण ओळीने मोटरी उभ्या असायच्या तिथे दोनच होत्या. बाक रिकामा. नानांनी मोटर उतरवून घेतली. मी मनात जुळवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरले आणि म्हणाले, "नाना, माझं चुकलं. फार चुकलं. पण तुम्हाला माहीत होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत व्हतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हनल्या, पाटीवर लिहेल हाये. चार लोकं बशेल व्हते. मी अजून बोललो असतो तं म्हनले असते, चोर वकिली करू राह्यला."

मला रडू आलं. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला आणि ती जाऊन मोटरीच्या त्या टोकाला बसली.

"भरतो मी तुमची मोटर," नाना म्हणाले. "पन तुम्ही आथीच बसा. येक येक वेढा मोजा, अन् वहीत लिहा."

"नको, नाना. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तुमचा असंन. मले मोजेल पाह्यजे."

म्हणून बसले. मोटरीच्या आत गोलाकार चोवीस खाचा असतात. त्या मोटरीला प्रत्येक खाचेतून तार सव्वीस वेळा जायला हवी होती. नाना सरकवायचे, बायको ओढायची, मी मोजायचे. खाच भरली की वहीत आकडा लिहायचा. सकाळी दहाला सुरू केलं, दोनपर्यंत अकरा खाचा झाल्या. सगळ्या सव्वीस. रस्त्याने जाणारा एखादा शेतकरी दारात थबकायचा, माझी वही बघायचा आणि पुढे जायचा. नानांना ते हवं होतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

बारावी खाच भरली म्हणून नाना थांबले तेव्हा माझी मोजणी पंचवीस होती. वहीत पंचवीस लिहून पेन थांबलं, आणि मनात, इतकं सगळं होऊनही, तो विचार आलाच. मी बघत नव्हते तेवढ्यात एक मारला का? मान वर केली तर नाना माझ्याकडेच बघत होते.

काही न विचारता त्यांनी बायकोला खूण केली. दोघांनी ती भरलेली खाच उलटी उसवायला घेतली. एकेक वेढा बाहेर काढून नाना मोठ्याने मोजत होते; सावकाश, दारातल्या माणसालाही ऐकू जाईल असे. चोवीस. पंचवीस. सव्वीस. मोकळी तार त्यांनी माझ्या पायांपाशी ठेवली. मी वहीतला पंचवीस खोडला. त्यांची बायको तारेचं टोक पुन्हा पहिल्या वेढ्यासाठी पुसत होती, आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही.